उजवा कौल

सूचना ३. खेळ चालू असेल तिथे घोळक्यात पुढे जाऊन उभे राहू नये.

धर्मराजने चाकाला खालून टिचकी मारली तेव्हा कुठे ते पुन्हा फिरायला लागलं. गोटी कडेकडेने दोनदा घरंगळली, उडाली, टेबलावरून खाली पडली आणि बाकांखाली गेली. अकरा माणसं वाकून तिला शोधायला लागली.

"मास्तर, बोटीवर पन अशीच शोधायला लागते काय?" चांगोने बाकाखालूनच विचारलं. सगळे हसले.

"बोटीवर गोटी पडली की खेळ थांबतो," धर्मराज म्हणाला. "आणि पडलेली गोटी खेळवणाऱ्याने उचलायची नाही. त्यासाठी वेगळा माणूस असतो."

"कोन?"

"असतो एक," म्हणत धर्मराज फळ्याकडे वळला.

विठ्ठलवाडी स्टेशनसमोर इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानावर ही खोली होती. दारावर 'मरीन अँड कॅसिनो ट्रेनिंग' अशी पाटी, आत हिरव्या पडद्याचं कापड ताणून बसवलेलं टेबल, पैशांच्या चकत्यांऐवजी कॅरमच्या सोंगट्या. रूलेटचं चाक प्लायवूडचं. ते उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या एका सुताराकडून करून घेतलं होतं. त्याने मोजताना चूक केली आणि सदतीसऐवजी छत्तीसच घरं पाडली. शून्याचं घर राहून गेलं. सगळ्या जगात टेबलाच्या मालकाचं पोट ज्या एका घरावर चालतं, तेच नेमकं. खोलीतली एवढी एकच वस्तू कोणाला फसवत नव्हती, आणि ती चुकून तशी झाली होती.

चांगोला गोटी सापडली. त्याने ती सदऱ्याला पुसून टेबलावर ठेवली. फॉर्मवर त्याचं वय सत्तावीस होतं. कानांवरचे केस पांढरे होते. आनंदनगरच्या ज्या कारखान्यात तो बारा वर्षं होता, तो बंद पडून दीड वर्ष झालं होतं.

फोटोत काय आहे

धर्मराज. काळं जाकीट, पांढरा सदरा, गळ्यात काळा बो. समोर खरं टेबल, खरं चाक, मागे सोनेरी चौकटीचा आरसा. हसू बेताचं. ही संस्था चालवणाऱ्या हिंदुरावांनी हा फोटो मोठा करून, काच घालून, दारातून आत पाऊल टाकताच समोर दिसेल असा लावला होता. शिवाय त्याच्या छोट्या प्रती काढल्या होत्या. चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला माहितीपत्रकासोबत एक मिळायची.

फोटोत काय नाही

बोट त्या वेळी धक्क्याला लागलेली होती आणि जुगाराची खोली बंद होती. जाकीट आणि बो एका फिलिपिनो खेळवणाऱ्याचे होते, आणि कॅमेरा त्याच्याच हातात होता. बो बांधलेला नव्हता. मागे इलॅस्टिक होतं, आकड्यात अडकवायचं. धर्मराजचा डावा हात टेबलाखाली आहे. त्यात ओलं फडकं आहे.

नऊ महिने तो त्या खोलीत राखदाण्या रिकाम्या करायचा, पेले उचलायचा, गालिच्यावर वाकून पडलेली गोटी शोधायचा. बघून बघून त्याला सगळे खेळ आले. पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला तो उभा राहिला, तो फोटोपुरता. हे त्याने इथे कोणाला सांगितलं नव्हतं. खेळवत होतो, असंही सांगितलं नव्हतं.

"लोकांना फोटो बघून जे कळतं ते कळू द्यावं," हिंदुराव म्हणाले होते. "आपण कशाला मध्ये बोलायचं?"

सूचना १. बोट बंदरात असताना बोटीवरील जुगार बंद राहील. अशा वेळी बंदरावर खेळण्याचा मोह होतो. सावध असावे.

बोटीवर ही सूचनांची पत्रकं वाटायचं कामही धर्मराजचंच होतं. बोट लागली की शिडीच्या टोकाशी उभं राहायचं आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक पत्रक द्यायचं. लोक घ्यायचे, घडी करायचे आणि त्याने वारा घ्यायचे. एक पत्रक त्याने घरी आणलं होतं. त्याचं मराठी करून तो ते वर्गात शिकवायचा, कारण छापील अभ्यासक्रम म्हणावा असं तेवढंच होतं. ४ आणि ५ नव्हत्या. तिथे घडीवर पान फाटलं होतं.

"शिडी उतरलं की पन्नास पावलांवर एक माणूस खोक्यावर तीन पत्ते घेऊन बसलेला असायचा," त्याने त्या गुरुवारी सांगितलं. "एक राणी, दोन साधे. पत्ते उलटे करून फिरवायचा. राणी कुठे ते सांगा आणि दुप्पट घ्या."

"आपल्या अंबरनाथच्या जत्रेत पन असतो तसला," मागून कोणीतरी म्हणालं.

"तोच. फक्त हा डॉलर घेतो. आपले प्रवासी भोवती जमायचे, पण खेळायचं कोणी नाही. मग एक पिवळ्या शर्टातला माणूस गर्दीतून पुढे यायचा. वीस डॉलर लावायचा आणि जिंकायचा. परत लावायचा, परत जिंकायचा. उड्या मारायचा. एका म्हातारीला त्याने मिठी मारलेली मी पाहिली."

"आणि मंग?"

"मग सगळे खेळायचे."

"आणि?"

"दर दहा दिवसांनी आमची बोट त्याच बंदराला लागायची," धर्मराज म्हणाला. "आणि दर वेळी तो पिवळ्या शर्टवाला तेच वीस डॉलर जिंकायचा."

वर्ग हसला. चांगोने तर मांडीवर थाप मारली. धर्मराजने फळ्यावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "सूचना सहा. तुमच्या डोळ्यांदेखत जो पहिला जिंकतो, तो खेळवणाऱ्याचाच माणूस असतो. हे पाठ करा. तोंडी परीक्षेत विचारतील."

सगळ्यांनी उतरून घेतलं. चांगोची पेन्सिल सर्वांत शेवटी थांबली.

"मास्तर, एक इचारू?"

"विचार."

"इथून तुमच्या आधी कोन गेलता?"

"कोणी नाही. मी पहिला."

"आनि तुमच्या मागून?"

प्रश्न साधा होता. चांगोच्या मनात काहीच नव्हतं. आपला नंबर कितवा लागेल एवढंच त्याला हवं होतं. धर्मराज खडू हातात फिरवत राहिला. दारासमोरच्या फोटोच्या काचेत खालच्या रस्त्यावरची रिक्षा दिसत होती, आणि तिच्यावर बेताने हसणारा तो.

"जातील," तो म्हणाला. "तुमचीच बॅच."

सूचना ७. आपला पासपोर्ट कोणाकडेही सांभाळायला देऊ नये.

हिंदुराव बाहेरच्या केबिनमध्ये फॉर्मवर फोटो चिकटवत होते. डिंकाचं बोट प्रत्येक वेळी रुमालाला पुसत होते. साताऱ्याकडचा माणूस, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय.

"तीन बॅच झाल्या," धर्मराज म्हणाला. "एकही माणूस बोटीवर गेला नाही."

"गेलास की तू."

"माझ्यानंतर."

"तुझ्यानंतर कशाला जायला पाहिजे?"

हे त्यांनी इतक्या सहज विचारलं की धर्मराजला क्षणभर उत्तर आपल्याकडेच असायला हवं असं वाटलं. तो उभा राहिला. हिंदुरावांनी पुढचा फॉर्म ओढला.

"बस. बस लेका. तुझ्याकडनं मी एक रुपया घेतला का? मेडिकल, सिंगापूरचं तिकीट, मुंबईच्या माणसाचे पैसे, सगळं ह्या खिशातनं गेलं. कधी विचारलंस, का म्हणून?"

"तुम्ही म्हणालात, बाप नाही म्हणून."

"बाप नसलेली पोरं अंबरनाथला पायलीला पन्नास मिळतील." हिंदुरावांनी त्याच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, कापड बघावं तसं. "उंची चांगली तुझी. नाकडोळे बरे. फोटोत दिसतोस."

धर्मराज खुर्चीच्या कडेला टेकला.

"दुकान काढायचं तर पाटी रंगवायला खर्च होतोच," ते म्हणाले. त्यांनी फॉर्मवर फोटो दाबून बसवला. तो चांगोचा होता. "ह्याचं सोमवारी होतंय. घरामागचा जमिनीचा तुकडा चाळ बांधणाऱ्याला देतोय. सही झाली की पैसे थेट इकडं."

"आणि माझं दुसरं काँट्रॅक्ट?"

"तुझं होणार! तुझं का नाही होणार?" हात खांद्यावर आला. "तू परत गेलास तर आणखी चांगलं. मार्चमध्ये बघू. पासपोर्ट आहेच माझ्याकडं."

त्यांनी मांडीजवळचा खण थोपटला.

पिवळ्या शर्टवाल्याला धर्मराजने एकदा खोक्यांच्या मागे एकटं बसून भात खाताना पाहिलं होतं. त्याला निदान आपण कोण ते माहीत होतं. जेवून झाल्यावर त्याने शर्ट काढला, घडी केला, पिशवीत ठेवला आणि दुसरा घातला. धर्मराजला काढून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवारी त्याने वर्ग घेतला. शनिवारीही घेतला. पाणी कसं विचारायचं, "सर" कधी म्हणायचं, "मॅडम" कधी. चांगोने चाळीस सोंगट्या एका हाताने, न मोजता, बरोबर दहा-दहाच्या चार ढिगांत लावून दाखवल्या. बारा वर्षं पॅकिंग खात्यात काढलेला हात होता. इतकं सफाईदार त्या बोटीवरही कोणी लावत नव्हतं. धर्मराज म्हणाला, "छान."

सूचना ८. इतर खेळणाऱ्यांना सावध करण्याच्या भानगडीत पडू नये. ते तुमच्यावरच चिडतील.

रविवारी सकाळी तो बदलापूर गावात शिरला. चांगोचं घर शेवटच्या आळीला होतं. मागे भात काढून झाल्यावर वाल पेरले होते, आणि वालाच्या हिरव्या वेलांवरूनच चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. खोल्या कुठे येणार ते आखून झालं होतं.

"ए सोने! मास्तर आलं!" चांगो ओरडत बाहेर आला. "सतरंजी टाक. ती नको, नवी टाक."

सोनी, त्याची बायको, ओल्या हातांनी बाहेर आली आणि तशीच आत वळली. ओटीवर चांगोची आई पुतळी सुपात वाल निवडत बसली होती. तिने सूप बाजूला सारलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"घराला पाय लागलं तुमचं," ती म्हणाली. "बरा झाला आलाव."

धर्मराज सतरंजीवर बसला आणि समोर पाहून पुन्हा उठावं की काय असं त्याला झालं. देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर चांगोच्या वडिलांचा फोटो होता. त्याच्या काचेच्या कडेला माहितीपत्रकातली ती छोटी प्रत खोचली होती. दोघांच्याही कपाळाला कुंकू होतं.

त्याने चहा येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. थांबला नाही.

"चांगो, उद्या सही करू नकोस."

"का? मुहूर्त नाय काय?"

"कोणी जात नाही. तीन बॅचमधला एकही गेला नाही. हिंदुराव कोणाला पाठवणार नाहीत. पैसे घेतील आणि मार्च म्हणतील, मग जून म्हणतील."

चांगोचं हसू लगेच गेलं नाही. तोंडावर राहिलं, आणि डोळ्यांतलं तेवढं गेलं.

"तुम्हाला धाडला का नाय?"

"मला मुद्दाम पाठवलं. दाखवायला. मी..." त्याने शब्द शोधला. "तो पिवळ्या शर्टवाला सांगितला ना तुम्हाला? तो मी आहे."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि थांबला. पुतळीने मुलाकडे पाहिलं.

"कुठला शर्ट?"

"काय नाय गे आये, वर्गातली गोष्ट हाय." चांगो धर्मराजपासून जरा सरकून बसला. "मास्तर, एक सांगू? राग नका मानू. पोटभर जेवलेला मानूस पंगतीत उभा राहून सांगतो, जेवन बरा नाय, उठा. तसा वाटते."

"मी खरं सांगतोय."

"शनवारी छान बोललात. माझा हात बघून बोललात. आता रातोरात काय झाला? तुमची जागा जाते काय माझ्यापायी?"

"चांगो..."

"आमी काय येडं नाय, बाबा," पुतळी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, समजूत होती. "ह्यो पोरगा म्हनला रान देतो, तवा मी बी म्हनलं, कागदावर कोनाचा इश्वास? गावदेवीला कौल लावला. गुरवाला बोलावला, मूर्तीच्या दोन्ही अंगाला पान्यानं दाणे लावले. उजवा दिला तिनं, होकाराचा. पानी सुकायच्या आधी दाणा पडला."

"देवीला काय विचारलंत?"

पुतळीने भिंतीवरच्या छोट्या फोटोकडे बोट केलं.

"ह्यो फोटोच नेला तिच्या म्होरं. इचारला, आई, ह्यो मानूस खराच बोटीवर गेलता काय? ह्यो फोटो खरा हाय काय?"

"आणि तिने उजवा दिला."

"उजवा दिला."

धर्मराजने हातातला रुमाल घडी केला, उलगडला. देवीने चूक केली नव्हती. तिला जेवढं विचारलं तेवढंच तिने सांगितलं होतं.

"परत विचारा," तो म्हणाला. "चांगो जाईल का, असं विचारा."

"एकदा दिलेला कौल पुन्ना मागत नाय," पुतळी म्हणाली. "त्यो तिच्यावर अइश्वास व्हतो." तिने सूप परत मांडीवर ओढलं.

सूचना १०. बंदरावर झालेल्या नुकसानीस बोट जबाबदार नाही.

सोनीने चहा आणला. घरात कप-बशीचा एकच जोड होता, तो धर्मराजसमोर ठेवला. मग ती नवऱ्यामागे उभी राहिली आणि त्याच्या पाठीला हळूच कोपर लावलं.

"हां," चांगो म्हणाला. जणू मधलं काही झालंच नव्हतं, किंवा झालं ते त्याने पाहुण्याला माफ केलं होतं. तो आत गेला आणि कागदाची पुडी घेऊन आला. पुडीत काळी रेशमी पट्टी होती, लांब, दोन्ही टोकांना रुंद. "उल्हासनगरातून आणला. हिंदुराव सायब म्हनलं, सोमवारी फोटो काढायचा, बो पायजे. दुकानवाला म्हनला, हा असली, बांधायचा असतो, इलॅस्टिकवाला नकली. मी म्हनलं, असलीच दे. काल रातच्याला दोघांनी लय खटपट केली. जमला नाय."

"सवाष्णीच्या चोळीची गाठ व्हायची त्याची," सोनी म्हणाली, आणि स्वतःच हसली.

"जरा बांधून द्या. बघून ठेवतो."

चांगोने सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि मान उंच करून समोर बसला. मानेवर वस्तऱ्याने नुकतंच केलेलं काम दिसत होतं. केसांना कलप लावला होता आणि कानामागे त्याचा एक काळा डाग राहिला होता. धर्मराजने पट्टी हातात घेतली, त्याच्या गळ्याभोवती टाकली, दोन्ही टोकं सारखी केली. एक टोक दुसऱ्यावरून घेतलं. मग थांबला. पट्टी सरकली आणि चांगोच्या मांडीवर पडली.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"मस्करी करताव?"

"खरंच येत नाही. फोटोतला बो माझा नव्हता. मी त्या टेबलावर कधी खेळवलं नाही." सोनी नवऱ्याच्या पाठीमागून पुढे आली. पुतळीचे हात सुपात थांबले. त्याने कोणाकडेच न बघता उरलेलं सांगून टाकलं. "मी राखदाण्या पुसायचो. उष्टे पेले उचलायचो. गोटी खाली पडली की शोधून द्यायचो. नऊ महिने तेवढंच केलं."

मागच्या वालात एक कोंबडी चुन्याच्या रेघेवरून चालत गेली. सोनी भिंतीपाशी गेली आणि फोटोच्या अगदी जवळ तोंड नेऊन पाहू लागली, टेबलाच्या कडेला, जिथे डावा हात दिसेनासा होत होता.

चांगोने मांडीवरची पट्टी उचलली. ती बोटांवर गुंडाळली, नीट, सुरकुती न पडू देता, आणि पुडीत ठेवली. मग वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर धर्मराजला वाटलं होतं तसं काही नव्हतं.

"पन बोटीवरच ना?" त्याने विचारलं.

धर्मराजने होकारार्थी मान हलवली. खरं तेच होतं.

"मंग आपल्याला चालंल," चांगो म्हणाला. "चा घ्या, निवला."